काकांच्या नंबरवरून

ग्वाल्हेर, हरिशंकरपुरम
१८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
अवंतिकाचा सा. न. वि. वि.

वर 'श्री' लिहिलेला नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. मला मात्र आज सकाळी कळलं.

काल झाशीहून इथे पोचले तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. आज सदाशिवकाकांच्या गच्चीवर उन्हात लोळायचं, काकूंच्या हातचं खायचं आणि जमलं तर सायकल धुवायची, एवढाच बेत. कन्याकुमारी सोडल्यापासून अशी हक्काची सुट्टी मिळाली नव्हती. पण आल्याआल्या पाया पडायला वाकले, तर काका दोन पावलं मागे सरकले. दिवसातून दोनदा दाढी करणारा हा माणूस गालावर पांढरे खुंट वाढवून बसला होता. विचारलं तर म्हणाले, ब्लेडने पुरळ उठलंय. सकाळी बघते तर देवघराचं दार बंद, ना दिवा ना उदबत्ती. काकूंना सरळ विचारलं, की सुतक कुणाचं आहे. त्या कणीक तशीच टाकून रडायला लागल्या. बाबा, तुम्ही सगळ्यांना शपथा घातल्यात, पण सुतक मोडायची छाती कुणाची झाली नाही.

सूर्याजीकाका बारा तारखेला गेले. तुमचे ते चुलतभाऊ, पण मला सायकलवर बसवलं ते त्यांनी. या प्रवासाचा रस्ता त्यांनी आखला, आणि रोज मुक्कामाला लागले की मी 'पोचले' लिहायचे ते त्यांनाच. काल रात्रीही त्यांच्या नंबरवरून मेसेज आला, की ग्वाल्हेरला एक दिवस पुरता आराम कर. त्यांना दवाखान्यात नेल्यापासून फोन तुमच्या खिशात आहे, असं काकू म्हणाल्या.

काल वाटेत दतियाला देवीपुढे उभी राहून मी काकांच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी नवस बोलले. गेलेल्या माणसाच्या गुडघ्यासाठी. हे तुम्ही माझ्याकडून करवलंत. एकटीने देश पालथा घालतेय म्हणून मी वाटेत भेटेल त्याच्यापुढे मिरवत होते, ते काका रोज सोबत आहेत या भरवशावर.

सुतक फिटेपर्यंत मी इथून हलणार नाही. तुमचा फोन घेणार नाही आणि मोबाइलवर आलेलं काही खरं धरणार नाही. हाताने लिहून पाठवा. तुमचं अक्षर मला ओळखता येतं. एकच कळवा, काकांचा स्वतःचा शेवटचा मेसेज कोणता? दहा तारखेला सिवनीच्या अलीकडे एक आला होता, 'तुझा फार अभिमान वाटतो, पोरी.' तो वाचून मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून रडले होते. त्यांनी तो दवाखान्यातून सांगितला असेल, तुम्ही नुसता लिहिला असेल, असं मी सकाळपासून स्वतःला समजावते आहे.

आईस नमस्कार. लोभाचं आज काही मागत नाही.

अवंतिका


पुणे
२१ फेब्रुवारी २०२५

चि. अवंतिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने आधी वाचलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं. ती पहिल्यापासून या लपवाछपवीच्या विरोधात होती, हे तुला कळवायला तिने बजावलं आहे.

सूर्याजीला सात तारखेच्या रात्री छातीत दुखायला लागलं. आठला संध्याकाळी तो ऑक्सिजनवर होता आणि त्याचा फोन माझ्या खिशात वाजला. तुझं 'पोचले' होतं. तू काळजी करशील म्हणून 'छान' लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच जरा सोपं गेलं. बारा तारखेला स्मशानातून येऊन अंगावर पाणी घेत होतो, तेव्हा पुन्हा तुझं 'पोचले'. तेव्हा तरी खरं लिहायला हवं होतं. पण तू अर्ध्यातून परत फिरशील याची भीती वाटली. तुझा रस्ता आखताना तो किती रंगला होता, ते मी रोज बघितलं होतं. सदाशिव अंत्यविधीला निघाला होता, त्यालाही तू येणार म्हणून मीच थांबवलं.

विचारलंस म्हणून लिहितो. त्याचा शेवटचा मेसेज सात तारखेचा, तू हिंगणघाटला होतीस तेव्हाचा. 'चेनला तेल घातलंस का?' त्यावर तू नुसता अंगठा पाठवलास. सिवनीचा माझा आहे. तेव्हा तो बोलायच्या स्थितीत नव्हता. तसाही सूर्याजी असलं लिहिणारा नव्हता. मला वाटलं होतं तू ओळखशील.

चुकलो. राग ओसरला की फोन घे. आमचा लोभ आहे तसाच आहे.

तुझे बाबा


॥ श्री ॥
ग्वाल्हेर
२५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. सुतक शनिवारीच फिटलं, पण पत्रासाठी थांबले. सदाशिवकाका गुळगुळीत दाढी करून बसले आहेत आणि आता पाया पडू देतात. काकूंनी वाटेसाठी इतकी तिळाची गजक बांधली आहे, की मागच्या चाकाची मला दया येते. त्यांच्या ग्वाल्हेरी मराठीत त्यांनी दहादा बजावलं, की रस्त्यात परेशान होऊ नकोस, फोन करत जा. उद्या पहाटे धोलपूरच्या रस्त्याला लागेन. प्रवास पुरा करणार आहे. तो सूर्याजीकाकांनी आखला आहे म्हणून, तुम्ही लपवलंत म्हणून नाही.

आज सायकल धुतली, चेनला तेल घातलं आणि काकांच्या नंबरवर तसं लिहून टाकलं. फोन तुमच्याजवळ आहे, म्हणजे वाचलं असेल. त्याला उत्तर देऊ नका. यापुढे त्या नंबरवरून काहीच पाठवू नका.

सिवनीचा मेसेज मी पुसलेला नाही. काकांनी कधी कौतुक केलं नाही आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते तेलाचं विचारायचे, मला तेवढं पुरायचं. ते शब्द मला लहानपणापासून तुमच्याकडून हवे होते, बाबा. ते तुम्ही लिहिलेत, आणि खाली दुसऱ्याचं नाव घातलंत.

आईस नमस्कार. लोभ असावा, आणि तो तुमच्या नावाने असावा.

तुमची
अवंतिका