कोर्स जसाच्या तसा

३ नोव्हेंबर, सोमवार

फ्लॅशचं भूत परत आलं! ते जुनं सॉफ्टवेअर बंद पडून पाच वर्षं होत आली. मला वाटलेलं, सगळे जुने कोर्स नव्यात आणून झाले, सुटले. आज आमचे बॉस रॉड्नीसर म्हणाले, "संचिता, एक शेवटचा राहिलाय गं."

आपल्याच डोंबिवलीतला केमिकलचा कारखाना. नवीन कामगाराला आत सोडण्याआधी कॉम्प्युटरवर सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. एका म्हाताऱ्या मशीनवर जुना ब्राउझर धरून इतकी वर्षं रेटला. दिवाळीत मशीनने मान टाकली. आता त्यांना तो मोबाइलवरही चालेल असा हवा — आणि लगेच!

मूळ फायली कुणाकडेच नाहीत. नुसता चालणारा कोर्स आहे. म्हणजे ताटातली भाजी चाखून फोडणी ओळखायची.

"मजकुराला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "जसाच्या तसा. करारात तेवढंच आहे."

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर बटणं. एकेक चित्र सोडवून परत काढतेय. रेषा जाड, माणसांची डोकी मोठी, पण काम मनापासून केलेलं. संध्याकाळी सोसायटीत पाणी नाही. सर्वेशने बाहेरून इडल्या आणल्या. नवऱ्याला एवढं सुचलं हेच खूप.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट खटकतेय. लिहूनच बघते.

कोर्सच्या शेवटी सराव आहे. मध्ये टाकी, गॅस गळतोय. टाकीसमोर कामगार उभा. डावीकडे एक गेट, उजवीकडे एक. वर खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारंगी कापडी पिशवी. कामगाराला बोटाने ओढून बरोबर गेटवर न्यायचं.

पिशवीचं शेपूट डावीकडे. म्हणजे वारा डावीकडे वाहतोय. म्हणजे गॅसही डावीकडेच जाणार.

आणि बरोबर उत्तर — डावं गेट! हिरवी टिक, टाळ्यांचा आवाज, "शाब्बास!"

चार वेळा केलं. चारही वेळा शाब्बास.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "इतकी वर्षं चाललाय ना? त्यांच्या सेफ्टीवाल्याने पास केलेला असणार. तू जसाच्या तसा कर."

आवाज नेहमीचा नव्हता. मला राग आला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज कारखान्यात गेलेले. मोबाइलवर कसा दिसतो ते दाखवायचंय, असं सांगून. खोटं नाही, पण सगळं खरंही नाही.

सेफ्टी ऑफिसर दौलत पाटील. पन्नाशीचे, मानपाड्याकडचे. मी चित्रातलं पिशवीचं शेपूट दाखवलं, तसा कपाळाला हात लावला. "मॅडम, हा कोर्स कोण वाचतंय? जुने नव्यांना सांगतात, शेवटी डावीकडं ओढ, पास होशील. मी पण कधी नीट नाय बघितला."

"पण खरंच गॅस सुटला तर पळतील बरोबर?"

"पळतील ना. घाबरला नाय तर समजतं माणसाला."

मग मीच म्हटलं, कुणाला तरी विचारूया. पॅकिंगमध्ये रतन म्हणून बाई आहेत, दिव्याहून लोकलने येतात, कंत्राटावर नव्या लागल्यात. कोर्समध्ये पैकीच्या पैकी. त्यांना अंगणात बोलावलं. छपरावर खरी पिशवी फडफडत होती. पाटील म्हणाले, "रतनताई, समजा आत्ता त्या टाकीतून गॅस सुटला. कुठं पळाल?"

रतनताईंनी वर पाहिलं आणि लगेच हात केला. शेपटाच्या दिशेने. "तिकडं. पिशवी रस्ता दाखवते ना!"



मी त्यांना समजावलं — शेपूट जिकडे, गॅस तिकडे. आपण तिकडे जायचं नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मग कोर्सात उलटं कशाला शिकवलं ओ ताई?"



११ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवलं. उत्तर बदलायचं. नोकरी गेली तर गेली. सर्वेश म्हणाला, "जाऊ दे, बघू." मग जरा वेळाने — "पण खरंच जाईल का?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

नोकरी गेली नाही. वेगळंच झालं.

रतनताईंचं सरांना सांगितलं. जसं घडलं तसंच. सरांनी केबिनचं दार लावलं.

"ते चित्र माझं आहे, संचिता. कोर्स आपणच बनवलेला. तेव्हा आम्ही दोघंच होतो कंपनीत. मला वाटलेलं, शेपूट जिकडून वारा येतो तिकडे असतं. कुणाला विचारलं नाही. शुक्रवारी तू दाखवलंस तेव्हाच कळलं मला."

मग माझ्यासमोरच क्लायंटच्या हेड ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. "चूक आमची आहे. उत्तर बदलतोय. सगळ्यांना पुन्हा शिकवावं लागेल." पलीकडून एवढंच, "ईमेल पाठवा."

फोन ठेवून सरांनी तिथल्या तिथे ईमेल लिहायला घेतला. मी त्यांना चहा आणून दिला. शुक्रवारचा राग गेला कुठेतरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परवानगी आली! उत्तर बदललं. चुकीच्या गेटवर नेलं तर आता धूर त्या माणसाच्या अंगावर येतो. टाळ्या काढून टाकल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कोर्स सुरू झाला. पाटलांनी प्रत्येक पाळीला अंगणात नेऊन पिशवी दाखवली. रतनताई आता बाकीच्या बायकांना शिकवतात म्हणे. सरांनी ऑफिसात सगळ्यांना वडापाव दिला. खूप दिवसांनी हसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी पाटलांचा फोन. जुन्या चौकशीची फाइल काढून बसलेले. सात वर्षांपूर्वी तिथे खरंच गॅस सुटलेला. ते तेव्हा पाळीवर होते. दोन पोरं गॅसमध्ये सापडली, त्यातला एक गेला. चौकशीत ठरलं — घाबरून चुकीच्या बाजूला पळाले. "मॅडम, दोघं डाव्या गेटला पडलेले. वारा तिकडंच वाहत होता. आणि दोघं कोर्स पास."

सरांना अजून माहीत नाही. सकाळी मलाच सांगायचंय.