रुपयावरची रेघ

मी, नानाजी धोंडबा खोरगडे, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात माणूस लागतो.

१. महालातल्या दोन खोल्या व पोस्टातली बचत माझी पत्नी सुभद्रा हिला. ती अठरा वर्षांपासून कन्हानला भावाकडे राहते. आम्हांला मूलबाळ नाही.

२. घड्याळाची हत्यारे शेजारी मधुकरराव ठवकर यांना. त्यांना त्यातले ओ की ठो कळत नाही, पण संध्याकाळी ते माझ्या दाराशी येऊन बसतात. दुसरे कोणी येत नाही.

३. मला जुनी नाणी जमवण्याचा नाद. माझा नाण्यांचा तराजू इतवारीतले नाणेविक्रेते रुपराव यांच्या हाती पडू नये. हातोडीने ठोकलेला पैसा त्यांनी टाकसाळीची चूक म्हणून माझ्या गळ्यात मारला. टाकसाळीत ठसा सरकला तर नाण्याचा भाव चढतो. बाहेर कोणी ठोकले तर ते नुसते खराब नाणे. मेलो तरी हे मी विसरणार नाही.

४. सरकलेल्या ठशाचा माझा चांदीचा रुपया सुभद्रेला. त्याची हकीकत लिहिणे भाग आहे. १९६१ च्या लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायला तिने माझी नाणी धुतली. नंतर या रुपयावर मला आडवी रेघ दिसली. मी ओरडलो, चिंच लावून घासलंस, दर्जा घालवलास. ती म्हणाली, "नुसतं पाण्यानं धुतलं जी. रेघ आधीचीच असंल." मी तिला शेजाऱ्यांदेखत अडाणी म्हणालो. भाऊबीजेला ती कन्हानला गेली. मी आणायला गेलो नाही. पाकिटावर 'घासलेले, दर्जा नाही' असे लिहून रुपया पेटीत टाकला.

गेल्या मंगळवारी या कागदासाठी यादी करताना ती रेघ प्रथमच भिंगाखाली धरली. ओरखडा नंतरचा असता तर अक्षरे कापली गेली असती. इथे अक्षरांचा उठाव रेघेच्या आतही उतरला आहे. म्हणजे ठसा बसण्याआधी, कोऱ्या चकतीतच ती रेघ होती. अशा दोषाने दर्जा थोडा उतरतो, नाणे बाद होत नाही. हा फरक मी गावभर शिकवला आणि घरच्या माणसासाठी भिंग उचलले नाही. सुभद्रे, चूक माझी. तुझ्याशिवाय मला फार एकटे वाटते.

ठिकाण: नागपूर
तारीख: १८ नोव्हेंबर १९७९

(सही) नानाजी धोंडबा खोरगडे

साक्षीदार १: (सही) दादाजी निखारे, दूधवाले

साक्षीदार २: मधुकरराव ठवकर. सही केली नाही. कलम चार वाचून त्यांनी कागद परत दिला. म्हणाले, "हे मेल्यावरच्या कागदात काहून लिहून राहिला गा? बाई जिती आहे नं. आधी कन्हानले जा, मग सही मांग."

उद्या सकाळच्या बसने जातो. तिने दार उघडले नाही, तर परत येऊन सही मागीन.