चिखलावर होडी

केटल कोव्ह
१९ ऑगस्ट १९७९

प्रिय आर्लीन वहिनी,

...तर नाही गं, ग्रामोफोन विकलेला नाही! तुला हे कोणी लिहिलं? तुझ्या आजोबांनी त्याची तबकडी काढून तिथे मासे धरायच्या तांब्याच्या तारेचं रीळ बसवलं, ते आहे तसंच आहे. होडीच्या मधल्या फळीवर स्क्रूने घट्ट बसवलंय. चावी दिली की अजून सगळी तार गपागप आत ओढून घेतो. जरा कुरकुरतो, पण तू गेल्यापासून सगळेच जरा कुरकुरतात.

तू कशी आहेस? नेब्रास्कात खरंच पोहण्याएवढंसुद्धा पाणी नाही का? आई बरी आहे. ब्लूबेरीचा जॅम चाललाय, त्यामुळे तिचे हात, मांजर आणि फोन, सगळं जांभळं. मक्याची कणसं आलीत. तळं यंदा वरून इतकं तापलंय की ट्राउट मासे पार तळाशी जाऊन बसलेत, नव्वद-शंभर फुटांवर. म्हणजे आपला सीझन! मला रात्री झोपेतसुद्धा हातात तार जाणवते. तारेच्या टोकाचा गळाचा चमचा खडकावर आपटतो ना, टक... टक... आणि मग एकदम काहीतरी जड. वहिनी, यापेक्षा भारी जगात काही आहे का? मला तरी सापडलेलं नाही.

या उन्हाळ्यात मी एकीला शिकवतेय. रोवेना नाव. आपल्या शाळेत गणित शिकवायला आलीय. उंच आहे, चष्मा आहे आणि होडीत चढताना दर वेळी होडीची माफी मागते. मी वल्हवते, ती तार धरते. पहिल्या दिवशी तारेने तिचं बोट कापलं. मला सांगितलंच नाही, रुमाल गुंडाळून दुपारपर्यंत तार ओढत बसली.

"अगं बावळट, बोलायचं ना!" मी ओरडले.

"मला वाटलं, असंच असतं," ती म्हणाली.

मासा मात्र एक नाही. लाप्लांटकाका दुकानाच्या पायरीवर बसून रोज आमचा चमचा बघतात. "काय गं हेटी, मडकी घडवायला घेतलीस का? रोज चिखल आणतेस घरी!" सगळे हसतात. रोवेना पण हसते. मी हसत नाही, कारण चिखल कुठून येतो ते मला माहितीय.

वहिनी, मी तिला तुझ्या त्या खडकाच्या जागेवर नेत नाहीये, जिथे मासे हमखास लागतात. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, किनाऱ्यावरच्या खुणा त्यालाच दिसतात, तार धरणाऱ्याला काय कळणार! म्हणून मी आपली दक्षिणेच्या खाडीत नेते. तिथे खाली नुसता मऊ चिखल. टक नाही, काही नाही. आणि मी तोंड वर करून म्हणते, "आज मासे रुसलेत वाटतं."

आता तू म्हणशील, त्यात काय, बरोबरच केलंस. ती जागा आजोबांनी तुला दिली, तू मला दिलीस. ज्याने दिली त्याला विचारल्याशिवाय पुढे कुणाला दाखवायची नाही. तू तर ड्वाइटलासुद्धा, तेव्हा तुझा नवरा असून, कधी दाखवली नाहीस. तो बिअरच्या दुसऱ्या ग्लासाला अख्ख्या गावाला सांगेल म्हणालीस, आणि ते खरंच होतं. (खुणा इथे लिहीत नाही. पोस्टात लाप्लांटकाकांची बहीण बसते.)

पण वहिनी, रोवेना नुसती शिकायला आलेली बाई नाहीये. मी मघापासून जॅम आणि कणसं लिहितेय ते म्हणूनच.

ड्वाइटने तिला अंगठी दिलीय. ऑक्टोबरात लग्न आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगायचं ठरवलं होतं, आणि बघ, तिसऱ्या पानावर आले. तो बरा आहे. पिणं कमी केलंय. तुझ्याबद्दल कधी वाईट बोलत नाही. बोलला असता तर मी वल्ह्याने हाणला असता.

तिच्याकडून लग्नाला कोणी येणार नाही. आईवडील नाहीत, एक भाऊ अलास्कात, त्याला जमत नाही. आपल्याकडे सगळे काही ना काही घेऊन येणार, ॲपल पाय, बीन्स, हॅम. तिच्या मनात आलं, तिच्याकडूनही टेबलावर एक गोष्ट असावी. तिने स्वतः पकडलेला, धुरावर भाजलेला ट्राउट. सप्टेंबर संपला की मासेमारी बंद, म्हणजे वेळ थोडाच आहे. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि तरी मी तिला चिखलावर फिरवत राहिले.

परवा काय झालं, ऐक. मासा वर यायच्या आधी बुडबुडे येतात, हे तिला मी शिकवलेलं. तर होडीशेजारी बुडबुडे आले! रोवेना ताडकन उभी. "आला! हेटी, आला!" होडी अशी हलली की ग्रामोफोनची चावी सुटून तारेचा गुंता. आणि पाण्यातून वर काय आलं? लून पक्षी! लाल डोळ्यांनी आमच्याकडे बघितलं आणि खदाखदा हसल्यासारखा ओरडत गेला. आम्ही दोघी होडीच्या तळाशी पडून हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी.

मग गुंता सोडवता सोडवता, मान खाली घालूनच, ती म्हणाली, "हेटी, इथे मासा नाहीच ना?"

मी तारेची गाठ सोडवत राहिले.

"लाप्लांटच्या दुकानात तळ्याचा नकाशा टांगलाय. खाली काय आहे ते सगळं लिहिलंय त्यावर. मी गणिताची बाई आहे गं, नकाशा वाचता येतो."

"कधी बघितलास?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"ड्वाइट म्हणाला, खडकाची एक जागा आर्लीनची आहे, आणि ती फक्त हेटीला ठाऊक. आर्लीनची वस्तू मी कशी मागू? एक घेतलीय तेवढी पुरे." मग स्वतःच लाजली. "ड्वाइट वस्तू नाहीये म्हणा."

"मग रोज येतेस कशाला माझ्याबरोबर, हात कापून घ्यायला?"

तेव्हा तिने वर बघितलं. "तुमच्या घरात सगळे माझ्याशी पाहुण्यासारखं बोलतात. आई तर चांगले कप काढते. तू एकटी मला बावळट म्हणतेस. मला चिखल चालतो, हेटी. लग्नात मी बटाट्याचं सॅलड करीन."

वहिनी, परत येताना मी वल्हवत होते आणि आपली जागा डाव्या हाताला मागे मागे जात होती. सगळ्या खुणा समोर दिसत होत्या. वल्ह्याचा एक जास्तीचा हात मारला असता की झालं असतं. नाही मारला. तुला विचारलं नव्हतं म्हणून नाही मारला, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते पूर्ण खरं नाही. मला वाटायचं, ती जागा मी राखून ठेवली की तू एक दिवस बॅग घेऊन धक्क्यावर उभी असशील, आणि म्हणशील, चल गं, सूर्य वर आला. दुसरं कोणी तिथे बसलं की मग तू येणार नाहीस.

तू येणार नाहीस, हे मला कळतं. एकोणीस वर्षांची आहे मी. तरी रोवेना आवडायला लागली तेव्हा मला तुझाच राग आला. मग माझा आला. मग भूक लागली.

तर आता विचारते, आणि तू खरं ते सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. नाही म्हणालीस तर आम्ही चिखलावर फिरू, ती एका शब्दाने बोलणार नाही, आणि तू नाही म्हणालीस हे तिला मी कधी कळू देणार नाही. पण तू इथे असतीस, तिचं ते रुमाल बांधलेलं बोट बघितलं असतंस, तर तू काय केलं असतंस? दाखवू का तिला?

उत्तर काहीही येवो, तुझीच,
हेटी