मातीच्या खोलीचं काय करायचं ते

मी, बेबी हरी शेवडे, वय शहात्तर, शिक्षण सातवी, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, हे माझ्या हातानं लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. कोणी धाक दिलेला नाही, कोणी पेढे खिलवलेले नाहीत. वकिलानं तीन पानं टाइप करून दिली होती. त्यात मीच मला सापडेना, म्हणून परत केली. आधीचा कुठला कागद निघालाच तर तो रद्द.

१. स्नेहलतागंजचं घर माझा मुलगा निखिल आणि मुलगी शिवांगी यांना अर्धं-अर्धं. भांडायचं असेल तर तेराव्यानंतर.

२. बँकेत जे निघेल ते शिवांगीचं. तिनं कधी मागितलं नाही, हेच कारण. शिलाई मशीन सून अनुश्रीला. तिला चालवता येत नाही. शिकेल.

३. दीर देवेंद्र यांनी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली नेलेली शिडी आता त्यांचीच समजावी. मागून मागून थकले. भर पंगतीत ते म्हणाले होते, "बेबीवहिनी साध्वी झाल्या, पाया पडा रे यांच्या." तेही शिडीबरोबर सोडलं.

४. आता सिमरोलच्या पुढची जागा. मिल बंद झाल्यावर माझ्या नवऱ्यानं, हरीनं, घेतलेला अर्धा बिघा आणि त्यावरची ध्यानाची खोली. झगडा याचाच होणार, म्हणून नीट लिहिते.

हरी गेल्यावर मी एका शिबिरात दहा दिवस मौन धरून बसले. देवबिव काही दिसला नाही. पण दहा दिवस कोणी "आई, चहा?" म्हटलं नाही, तेवढं मला पुरलं. वाटलं, अशी एक खोली आपली पाहिजे. निखिल इंटिरियरचं काम करतो. त्यानं कॉम्प्युटरवर नक्शा काढला, त्यात फव्वारा होता. मी काठीनं जमिनीवर रेघ मारली. एक खोली, बस. खिडकी एवढी खाली की बसलेल्याला समोरचा कडुनिंब दिसावा, उभ्याला नाही. दार ठेंगणं. घंटा नाही, फोटो नाही.

भिंती लक्ष्मीनं उचलल्या. लक्ष्मी तिथल्याच गावची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मातीचं काम आईकडून शिकलेली. पाया काळ्या पत्थरचा. भिंत पिवळ्या मातीची, भुसा आणि गोबर कालवून. वर बांबू, त्यावर कवेलू, म्हणजे देशी कौलं. सगळा माल दोन कोसांच्या आतला. हातभर भिंत चढवायची, मग आठ दिवस सुकू द्यायची. मला दम निघायचा नाही. लक्ष्मी म्हणायची, "माँजी, ध्यान करने आई हो के ट्रेन पकड़ने?" दर वर्षी दिवाळीआधी आम्ही दोघी भिंती लिपायचो. नऊ वर्षं एक तडा नाही.

मग निखिलला सुचलं की शहरातले लोक इथे येऊन राहतील. पाहुण्यांच्या कपड्यांना माती लागते म्हणाला. दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत मी आत दहा दिवसांच्या मौनात होते. चौथ्या दिवशी तो खिडकीशी वाकला. "आई, बाहेरून सिमेंट मारून घेऊ ना? तू नको म्हण, नाही करणार."

मी बोलले नाही. मौन होतं.

"चला, आईची हां आहे," तो ठेकेदाराला म्हणाला. बाहेर लक्ष्मी ओरडत होती, "भिया, माटी साँस लेती है, इसका मुँह मत बंद करो!" तीन दिवस थापी भिंतीवर घासत होती आणि मी आत डोळे मिटून स्वतःचा श्वास बघत होते. उठून एक शब्द बोलले असते तर मौन मोडलं असतं आणि भिंत वाचली असती. मला माझ्या दहा दिवसांचा घमंड होता.

सिमेंटमागे ओल अडकली. दुसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत आतून लापशी झाली आणि बसली. वर सिमेंटचे पापड पडलेले. नशीब, आत कोणी नव्हतं.

निखिल आला. गावच्या चार लोकांसमोर लक्ष्मीला म्हणाला, "कच्चा काम किया तूने. कल से मत आना." ती माझ्याकडे वळली. "माँजी, आप तो बोलो."

मी खाली पडलेले कवेलू उचलून रचत राहिले. तेव्हा माझं मौन नव्हतं.

मुलगा आहे, चारचौघांत त्याचं नाक कशाला कापायचं, असं मनात आलं. लक्ष्मीचं कापलं गेलं. तेव्हापासून तिला गावात कोणी भिंतीचं काम देत नाही. मी दोनदा गेले आणि तिच्या गल्लीच्या तोंडातून परत आले.

५. म्हणून जागा आणि खोली निखिलला मिळेल, पण शर्त आहे. उरलेल्या तीन भिंतींवरचं सिमेंट त्यानं स्वतः छेनी-हथोडी घेऊन काढावं. मजूर लावायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. मागची भिंत लक्ष्मी सांगेल तशी मातीची उभी करावी, तिला यायचं असेल तर. तिनं नाही म्हटलं तर नाही. ती गप्प राहिली तर तेही नाहीच समजावं. माझ्यामागे एक वर्ष मुदत. बारा कॉटेजचा नवा नक्शा त्यानं कपाटावर ठेवलाय, मी बघितला आहे. फव्वारा अजून आहेच.

६. वर्षात हे झालं नाही तर जागा लक्ष्मीची. तिनं हवं तर कवेलू आणि बांबू उतरवून न्यावेत. छप्पर गेलं की माती दोन पावसांत जमिनीला मिळते. ट्रॉली बोलवावी लागेल ती फक्त सिमेंटला.

७. माझी थापी, फावडं आणि माती ठोकायचं लाकडी धुम्मस लक्ष्मीला. याला शर्त नाही.

८. शिवांगीनं गावात जाऊन, त्याच चार लोकांना बोलावून, लक्ष्मीसमोर हे मोठ्यानं वाचावं. हिंदीत मीच लिहिते, म्हणजे कोणी नरम करणार नाही: "दीवार लक्ष्मी की पक्की थी. सीमेंट मेरे बेटे का था. चुप मैं रही."

इंदूर, १४ ऑक्टोबर २०२५
सही: बेबी हरी शेवडे

आमच्यादेखत सही केली, आम्हाला यातलं काही मिळत नाही:
शरद पुराणिक, शेजारी
पूर्णिमा नेवासकर, वरच्या मजल्यावर राहते

जोड, १७ ऑक्टोबर २०२५

सही करताना पूर्णिमानं विचारलं होतं, "काकू, हे वाचायला तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची?" मी म्हटलं, सही कर, तोंड नको चालवूस. पण ते डोक्यात बसलं. आज बसनं गेले. चारातले तीन लोक भेटले, चौथा वारला. वाचलं. कलम आठ आता लागू नाही. बाकी सगळं आहे तसंच.

लक्ष्मी दिवाळीसाठी स्वतःचं घर लिपत होती. वाचून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. चहा पण विचारला नाही. काही बोलली नाही. ते हो समजू नये.

सही: बेबी हरी शेवडे
साक्षीदार तेच: शरद पुराणिक, पूर्णिमा नेवासकर