एस्तेरचा ताप

सांता एलेना, सामार
२ नोव्हेंबर १९९८

चि. मरिलू आणि खोलीतल्या पोरींनो,
अ. उ. आ.

दिवसाचे दहा तास शिलाईयंत्रावर वाकणाऱ्या माझ्या लेकींनो, लघवीला उठायलासुद्धा तुम्हाला मुकादमाची चिठ्ठी लागते, हे वाचून माझं डोकं फिरलं. स्वतःच्या देहावर स्वतःचा ताबा नसेल तर त्याला नोकरी म्हणायचं की वेठ? सगळ्या एकदम उठा. किती जणींना काढतील?

आज मृतांचा दिवस. एस्तेरच्या थडग्याला चुना दिला, तिच्यासाठी भाताचं ताट ठेवलं. मरिलू, तुझी थोरली बहीण तापाने गेली त्याला सात वर्षं झाली. आईविना तुम्हा दोघींना मी वाढवलं, एकच उरली. वाऱ्याने सगळ्यांच्या मेणबत्त्या विझल्या, तिची तेवढी जळत राहिली. मला बघवेना, मी पाठ करून बसले.

तो भाड्याची जीपनी चालवणारा डॉन्डोन तुला रोज फुकट का नेतो, हे कळण्याइतकी मी म्हातारी आहे. जपून. उत्तर मंगळवारच्या बोटीला मिळेल असं टाक.

तुमच्यावर जीव असलेली मावशी,
तिया पुरिंग

---

रोसारिओ, काविते
९ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप तिया,
सा. न. वि. वि.

तुझं भाषण खोलीत मोठ्याने वाचलं. माझ्या शेजारच्या खाटेवरची निदा म्हणाली, तुझ्या तियाला इकडे आण, मुकादम पळत सुटेल.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. शनिवारी डॉन्डोनबरोबर गेले आणि नको ते झालं. काही वापरलं नव्हतं. तू सुईण, म्हणून विचारते, यावर काही उपाय असतो का? निदा म्हणते, तारीख चुकेपर्यंत काही करायचंच नसतं. चुकली की चर्चच्या दारातली बाई कडू सालीच्या काढ्याची बाटली देते, मेणबत्त्यांच्या शेजारीच मांडलेली असते. माझी तारीख वीसला. तोवर दिवस मोजते.

कालपासून एस्तेर दिसते. समोरच्या यंत्रावर कुणी नसतं, तिथे ती बसते. केस ओले, फ्रॉकची मागची बाजू मुठीत धरलेली. ती आजारी होती तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तू मला खोलीत येऊ दिलं नाहीस. तापाच्या माणसाच्या चादरी तू समुद्रात का धुतल्यास, तिया?

माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी मरिलू

---

सांता एलेना
१७ नोव्हेंबर १९९८

चि. मरिलूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज बोटीतून उतरलं. बोट उलट फिरायच्या आत लिहिते आहे.

उपाय होता. पाच दिवसांच्या आत होता, जितका लवकर तितका खात्रीचा. गोळ्या असतात, तांबीही बसवता येते. त्याने गर्भ पडत नाही, राहायचाच थांबतो. ते पाच दिवस कागदाच्या प्रवासात गेले.

एस्तेरचंही असंच झालं होतं, तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. माझ्या पिशवीत रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या. त्याच ठरावीक प्रमाणात चालतात, हे मला शिकवलेलं होतं. मी दिल्या नाहीत. पाद्रीबाबा त्याला पाप म्हणत आणि मी मान डोलवत असे. मी तिला म्हटलं, तारखेची वाट बघ, प्रार्थना कर. तारीख टळली. तिने बाटली आणली. ताप नव्हता, मरिलू. रक्त होतं, दोन दिवस. मृत्यूच्या दाखल्यावर ताप मी लिहायला लावला.

गावाला बोटीचा धक्का मिळावा म्हणून मी सभांत बोलले, खोबऱ्याच्या भावासाठी बोलले. प्रत्येक सभेत एस्तेर मागच्या बाकावर येऊन बसते. एकदाही टाळी वाजवत नाही.

बाटलीला हात लावू नकोस. डॉक्टरिणीकडे जा. काहीही निघो, मला कळव, मी येते.

क्षमा मागायचा हक्क नसलेली,
तिया पुरिंग

---

रोसारिओ
२७ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप तिया,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. बाटली मी आदल्या दिवशीच आणली होती, उशीखाली होती. मोरीत ओतली. हाताला अजून वास आहे.

तुला न विचारता पत्र खोलीत वाचून दाखवलं. निदा मध्येच उठून गेली. तिचं दोनच दिवसांपूर्वी तसंच झालं होतं आणि तीही तारखेची वाट बघत बसली होती. काल सकाळी दोघी डॉक्टरिणीकडे गेलो. निदाला गोळ्या मिळाल्या. माझ्या तपासणीत दोन रेघा आल्या. परतताना निदा सगळ्यांना शिव्या देत होती. इतकी साधी गोष्ट आजवर एकानेही तोंडातून काढली नाही म्हणून.

मूल मी ठेवणार. डॉन्डोन आधी पांढरा पडला, मग म्हणाला, जीपनीच्या पाटीवर बाळाचं नाव रंगवू. म्हटलं, आधी ब्रेक दुरुस्त कर.

मला तुझा राग आहे, तिया. फार आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही. लोभ मात्र सुटत नाही, त्याला मी काय करू?

इतक्यात इकडे येऊ नकोस. तिथल्या पोरी पुढच्या वर्षी याच कारखान्यांत येतील आणि त्यांनाही तारखेचीच वाट बघायला शिकवलेलं असेल. हे पत्र मिळेल त्या रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवर उभी राहा. पाद्रीबाबा ऐकत असले तरी हरकत नाही. पोरींना थांबव, एस्तेर कशाने गेली ते नाव घेऊन सांग, आणि हातात पाच दिवस असतात तेही सांग.

मरिलू