आमंत्रणाची यादी

प्रिय रेश्मा बाय,
सप्रेम जयभीम.

शेणव्याच्या विहाराच्या खिडक्यांच्या अकरा जाळ्या, शाळेचं फाटक, तुझं लग्नातलं कपाट, आपल्या घराचा जिना, हे मी माझ्या हातानं केलं. जिन्याच्या चौदा पायऱ्या, प्रत्येकीचा चढ बरोबर साडेसहा इंच. वेल्डिंग कुणी शिकवलं नाही. बघून शिकलो, डोळे सुजवून शिकलो.

तुझ्या लग्नाच्या आमंत्रणाची यादीही माझ्याच अक्षरातली. शेणव्यापासून वैशाखऱ्यापर्यंत दोनशे बारा घरं. कुठं आधी म्हाताऱ्याला सांगायचं, कुठं दोघा भावांना वेगवेगळं, सगळं टिपलेलं. गेल्या उन्हाळ्यात तू ती मागितलीस. वाटलं, मुरबाडला सासरी गेली तरी पोरीला आपली माणसं हवीत. झेरॉक्ससुद्धा मीच काढून दिली. तू ज्या कंपनीची ताकदीची पावडर विकतेस, तिनं तुला ओळखीची शंभर नावं आणायला सांगितली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा लहानीआत्या तोंडावर म्हणाली, "तुझी रेश्मा फाट्यावर दिसली का आमी कडी लावतो रे. चहा आमचा पिते नि पावडर आमच्याच गळ्यात मारते." चारचौघांत मी हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

मग वाचनालयातून व्यवस्थापनाची पुस्तकं आणली. मी कारखान्यात नऊ वर्षं काढली. तिथं फाटक होतं, हजेरी होती, मुकादम होता. भोंगा झाला की मी माझा. तुझ्या कंपनीत यातलं काहीच नाही, म्हणून भोंगाही नाही. पुस्तक म्हणतं, अशा ठिकाणी नातीगोती हाच कच्चा माल, आणि हुकमाच्या जागी टाळ्या. तुला कंपनीत आणणाऱ्या बाईला तू फोनवर 'मम्मी' म्हणतेस, तेव्हा तुझी आई उठून आत जाते. रचना मला समजली, बाय. तुला तिच्यातून बाहेर कसं काढायचं, ते मात्र कुठल्याच पानावर नाही.

लिहायला बसलो ते यासाठी. मंगळवारी तुझ्या कंपनीचे कल्याणचे भाविक सर येऊन गेले. म्हणाले, विकायचं काही नाही, बोलायचंही नाही. रविवारी मुरबाडच्या मीटिंगला तुझ्या शेजारी नुसतं बसायचं, मला बघून आपली माणसं येतील. नाही बसलो तर तुझं पद जाईल, आणि बाप आडवा आला म्हणून तू माहेर तोडशील, हेही तेच सांगून गेले. तोडशीलही. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून तुला कळावं. एका बसण्याचे पंचवीस हजार रुपये देत होते. मी नाय म्हटलं.

तुझाच,
बाबा