खंडेनवमीची बंदूक

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
विळे, कुदळी, ट्रॅक्टरचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मधोमध पणजोबांची छर्‍याची बंदूक. जर्मन! पूजेनंतर बांधावर डबा ठेवून एक नेम मारायचा ही घरची रीत. डबा उडाला! बायकोनं, नीलमनं फोटो काढला, मी लगेच स्टेटसला टाकला. मिशीला पीळ देऊन!

३ ऑक्टोबर
चौकीतून फोन. "बंदुकीचं लायसन हाय का?" माझी बोबडीच वळली. पोलीस पाटीलकीला अर्ज केलाय मी — केस झाली तर सगळं मातीत. तोंडातून निघून गेलं — "माझी न्हाई, साहेब. इमाममामांची हाय. पूजेपुरती आणलेली."
इमाममामा जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावतात. दरसाल खंडेनवमीआधी आमच्या बंदुकीचा चामड्याचा वॉशर तेच बदलून देतात. म्हणून तर त्यांचंच नाव जिभेवर आलं. शी!

४ ऑक्टोबर
शिपाई आमची बंदूक घेऊन गेला. मग मामांच्या स्टॉलवरच्या दोन्हीही उचलल्या. मी तिथंच उभा. मामांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. निदान शिव्या तरी द्यायच्या!

६ ऑक्टोबर
नीलमला सांगितलं. "अन् तुम्ही पाटील व्हणार?" एवढंच म्हणाली. उद्या जाऊन खरं सांगतो.

७ ऑक्टोबर
नाही गेलो.

८ ऑक्टोबर
सरदारबीमामी दारात. "इश्वजीत, बाळा, तळेगावची जत्रा तोंडावर आली. तुझी वळख हाय, चौकीत शबुद टाक की. तुझ्या मामानं कवा कुणाचं वाकडं केलंय का?"
मी म्हणालो, "बघतो, मामी."
बघतो म्हणे! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

१० ऑक्टोबर
गेलो एकदाचा. तोंड उघडणार तर साहेबच हसले. "लहान छर्‍याची, कमी ताकदीची. असलीला लायसन लागतच नाही. पाखरं मारायची नाहीत, वस्तीत उडवायची नाही, बस्स. पाटील व्हायचंय नि एवढं ठाऊक नाही?"
म्हणजे मी कशाला भ्यालो होतो!
"साहेब, ती बंदूक —"
"इमामनं जबाब दिलाय, तिन्ही त्याच्याच. सकाळीच घेऊन गेला."
पुढचं गिळलं. आता खरं बोलावं तर मामाच खोटे ठरतात. का हीपण माझी पळवाटच? लाज वाटते हे लिहायला.

११ ऑक्टोबर
सकाळी मामा आले. बंदूक आबांच्या, म्हणजे वडिलांच्या हातात दिली. तेल लावून, पुसून. म्हणाले, "पुढल्या साली वायसर दुसरीकडनं बसवून घ्या, आबा. मला आता दिसत न्हाई."
चहालाही थांबले नाहीत.
"दिसत न्हाई?" आबा म्हणाले. "परवा तर सुईत दोरा ववत व्हता!"
मी मान खाली घातली. आबा माझ्याकडंच बघत होते.